काळ्या मातीत फलाट: बागेतल्या रेल्वेचं पहिलं स्टेशन बांधताना

पाचोरा-जामनेर गाडीला आमच्याकडे कुणी पूर्ण नावाने ओळखत नव्हतं. ती 'पीजे'. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून ५६ किलोमीटरचा प्रवास, वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. त्याच वर्षी मी घरामागच्या मोकळ्या जागेत छोट्या, नमुन्याच्या गाडीसाठी ४५ मिलिमीटर रुंदीचे रूळ टाकायला घेतले. रूळ जमले, गाडी फिरायला लागली, आणि मग मोठ्या हौसेने स्टेशनचा फलाट बांधला. तो दोनदा तोडावा लागला. तिसऱ्यांदा बांधलेला आजही जागेवर आहे. इथे सांगतोय ती त्या तिसऱ्या वेळची रीत. आधीच्या दोन वेळी काय बिनसलं तेही सांगतो, कारण खान्देशात अंगणात रेल्वे करणाऱ्या कुणाच्याही वाट्याला तेच येऊ शकतं.

बागेतल्या रेल्वेत पूल, बोगदा, डोंगर हे सगळं ऐसपैस करता येतं. फलाटाचं तसं नाही. गाडी फलाटापासून सहा-सात मिलिमीटरवरून जाते. एवढ्याशा फटीत गाडी घासली तर पायऱ्या मोडतात, इंजिनाच्या दांड्या वाकतात, आणि फट मोठी ठेवली तर स्टेशन स्टेशनसारखं दिसत नाही, गाडी नाल्यापलीकडे उभी आहे असं वाटतं. ही सहा-सात मिलिमीटरची फट बारा महिने टिकवणं, एवढंच खरं काम आहे. बाकी सजावट.

आता आपली माती. मी पहिला फलाट जानेवारीत बांधला. रूळ आधीच खडीवर टाकलेले होते, त्यांच्या शेजारी विटांची एक ओळ लावली, वर गिलावा केला. देखणा झाला. मे महिन्यात जमिनीला भेगा पडल्या तेव्हा विटांची ओळ रुळापासून पंधरा मिलिमीटर लांब सरकलेली होती. मी मधे पट्टी लावून ती जागा भरून काढली. ऑगस्टमध्ये माती फुगली, ओळ परत आत आली, आणि इंजिनाची पायरी फलाटाला घासून तुटली. भडगावकडचे एक मिस्तरी तेव्हा शेजाऱ्यांकडे कामाला यायचे. त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, काळी माटी शे ती. उन्हाळामा फाटस, पावसाळामा फुगस." मग पायाने जमीन दाबत विचारलं, रूळ वेगळ्या पायावर आणि फलाट वेगळ्या पायावर का ठेवला? त्या प्रश्नातच उत्तर होतं. काळ्या मातीत जमीन हलणार हे धरूनच चालायचं. रूळ आणि फलाट एकाच पायावर उभे असले तर दोघं बरोबर हलतात, आणि फट तेवढीच राहते.

दुसरा फलाट मी या सल्ल्याकडे निम्मंच लक्ष देऊन बांधला. पाया एक केला, पण फलाट बोर्डवाल्याकडून आणलेल्या पीव्हीसी फोम शीटचा केला. त्याची गोष्ट पुढे साहित्यात येईल.

आधी गाडी मोजा

फलाटाची मापं कुठल्याही आराखड्यातून घेण्याआधी तुमच्याकडे जी गाडी आहे ती मोजा. आपल्याकडे मिळणाऱ्या ४५ मिमी रुळावरच्या बहुतेक गाड्या १:२२.५ या प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीसपट लहान असतात. या प्रमाणात ४५ मिमी म्हणजे मीटरगेज. पीजेचे ७६२ मिमीचे रूळ अचूक उतरवायचे तर ४५ मिमीवर प्रमाण १:१७ च्या आसपास येतं आणि सगळे डबे स्वतः बांधावे लागतात. मी विकतचे डबे वापरले आणि हा फरक मान्य केला. नवख्या माणसानेही तोच मान्य करावा असं माझं मत आहे. पहिल्याच वर्षी प्रमाणाच्या वादात अडकलेले लोक फलाटापर्यंत पोहोचत नाहीत.

तुमच्याकडचं सगळ्यात रुंद वाहन शोधा. ते डबाच असेल असं नाही. पुष्कळदा इंजिनाचे सिलिंडर किंवा चढायच्या पायऱ्या डब्यापेक्षा बाहेर आलेल्या असतात, आणि त्या नेमक्या फलाटाच्या उंचीवर असतात. माझ्याकडचं सगळ्यात रुंद वाहन १२० मिमी आहे. म्हणजे रुळाच्या मध्यापासून ६० मिमी. त्यात ७ मिमीची मोकळीक धरून फलाटाची कड मध्यापासून ६७ मिमीवर आली. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर उंच फलाटाची कड रुळाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमीवर असते आणि जुना आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातला) डबा ३२४५ मिमी रुंद असतो. म्हणजे फट पाच सेंटिमीटरच्या आत-बाहेर. आपल्या प्रमाणात ती दोन-अडीच मिलिमीटर होईल. बागेत तेवढी ठेवू नका. एक वाळकं कडुलिंबाचं पान अडकलं तरी गाडी उतरेल.

फलाट सरळ रुळावरच घ्या. जागेअभावी वळणावर घ्यावा लागला, तर डब्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात, हे लक्षात ठेवून मोकळीक वाढवावी लागते. आत किती झुकेल त्याचा हिशेब सोपा आहे. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची चौकट; एका डब्याच्या दोन बोगींच्या मधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. बोगींमधलं अंतर ३०० मिमी आणि त्रिज्या १२०० मिमी असेल तर ९०,००० भागिले ९,६००, म्हणजे ९ मिमीहून थोडं जास्त. बाहेरच्या टोकांसाठी डब्याच्या लांबीच्या वर्गातून बोगींमधल्या अंतराचा वर्ग वजा करून तोच भागाकार करायचा. ४६० मिमी लांब डब्याला जवळपास १३ मिमी येतात. म्हणजे फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असेल तर कड ९-१० मिमी मागे घ्यायची, बाहेरच्या बाजूला असेल तर १३. एवढ्या मोठ्या फटीने स्टेशन उघडं पडतं, म्हणून पुन्हा सांगतो, सरळ जागा शोधा.

हिशेब केल्यावरही एकदा प्रत्यक्ष बघा. सगळ्यात लांब डब्याला मधोमध आणि दोन्ही टोकांना पेन्सिल आडवी बांधायची, शेजारी पुठ्ठा उभा करायचा आणि डबा हाताने ढकलत न्यायचा. पुठ्ठ्यावर उमटलेली रेघ तुम्हाला खरी मर्यादा सांगते.

उंची, लांबी, उतार

मोठ्या स्टेशनांवरचा उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी उंच असतो, मध्यम उंचीचा ४५५ मिमी, आणि तिसरा प्रकार रुळाच्या पातळीचा. नॅरोगेजच्या लहान स्टेशनांवर फलाट म्हणजे जरा उंचावलेला मुरमाचा पट्टा, त्याच्या कडेला दगड, आणि डब्यात चढायला पायरीवर पाय ठेवून वर जायचं. मला तसाच हवा होता. १:२२.५ मध्ये मी रुळाच्या माथ्यापासून १४ मिमी उंची घेतली, म्हणजे खऱ्यातले साधारण ३१५ मिमी. तुम्हाला भुसावळ-जळगावसारखं भारदस्त जंक्शन करायचं असेल तर याच प्रमाणात ३४ ते ३७ मिमी घ्यावे लागतील, आणि १:३२ च्या गाड्या असतील तर २४ ते २६. मात्र उंच फलाटाला एक अडचण आहे. इंजिनाच्या दांड्या, सिलिंडर, पायऱ्या सगळं त्याच्या पोटाशी येतं आणि मोकळीक आणखी वाढवावी लागते. पहिला फलाट बुटका करा.

लांबी तुमच्या गाडीएवढी. एक इंजिन आणि ४६० मिमीचे तीन डबे म्हणजे पावणेदोन मीटर. त्याला दोन मीटरचा फलाट शोभतो. खरा आयसीएफ डबा या प्रमाणात ९५ सेंटिमीटर भरतो, तेरा डब्यांची एक्स्प्रेस बारा मीटर. एवढं अंगण कुणाचं असतं!

दोन्ही टोकांना उतार द्यायचा, सहास एक या हिशेबाने. १४ मिमी उंचीला ८४ मिमी लांब उतार होतो. माझ्या दोन मीटरच्या फलाटाचा पसारा अशा दोन उतारांसह २.१७ मीटर झाला, म्हणून पायाचा स्लॅब मी तीन मीटरचा ओतला. दोन्हीकडचा जादा भाग रुळाला आधार देतो.

स्टेशनात रूळ सपाट हवेत. खऱ्या रेल्वेत स्टेशनच्या आवारात ४०० ला १ पेक्षा जास्त चढ चालत नाही. दोन मीटरमध्ये हे फक्त ५ मिमी होतात. याहून जास्त उतार राहिला की इंजिन सोडून बाजूला नेलं रे नेलं, डबे आपले आपण निघून जातात. लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, दोन्ही टोकांची पातळी बघायची. गवंडी घराची जोती याच नळीने बघतात. मोबाइलवरच्या लेव्हलवर विसंबू नका, दोन मीटरवर त्याचा अंदाज चुकतो.

साहित्य कोणतं घ्यावं

लाकूड आणि प्लाय सोडूनच द्या. एक पावसाळा आणि वाळवी, दोन्हींतून ते वाचत नाही. लाल विटा पाणी पितात आणि त्यांचे पापुद्रे सुटतात.

फोम शीटचा मोह प्रत्येकाला होतो. हलकी, कापायला सोपी, बोर्डवाल्याकडे तुकडे स्वस्तात मिळतात. मी तीन मीटरची एकसंध पट्टी लावली होती. पीव्हीसी उन्हाने किती वाढतं याचा मी विचारच केला नव्हता. जानेवारीतली पहाट दहा अंशांची आणि मेमध्ये उन्हात तापलेला पृष्ठभाग साठ अंशांचा धरला, तर पन्नास अंशांच्या फरकात तीन मीटर पीव्हीसी जवळपास ९ मिमी वाढतं. रुळांचं तेवढंच पितळ ३ मिमी वाढतं आणि काँक्रीट दीड. दोन्ही टोकं पक्की केलेली माझी पट्टी मधोमध कमान करून वर आली आणि रुळाकडे झुकली. फोम शीट वापरायचीच असेल तर अर्ध्या मीटरचे तुकडे करा, प्रत्येक दोन तुकड्यांत २ मिमी सोडा आणि एकाच टोकाला स्क्रू मारा. पण चार-पाच उन्हाळ्यांत ती ठिसूळ होते ती होतेच.

शहाबादी फरशी चांगली. फरशीवाल्याकडे कटरने १५० मिमी रुंद पट्ट्या कापून मिळतात. तिचा करडा रंग उन्हात शोभतो आणि पावसाने तिला काही होत नाही. पण ती २० ते २५ मिमी जाड असते. बुटक्या फलाटाला कडेवर तेवढी जाडी भरभक्कम दिसते आणि दगडी कड दाखवता येत नाही.

म्हणून माझी पसंती ओतीव तुकड्यांना. कडेचे तुकडे साच्यात ओतायचे, मागे मुरूम भरायचा, वर पातळ थर. खर्चही फारसा नाही. तीन मीटरचा स्लॅब आणि कडेचे सगळे तुकडे मिळून सिमेंटची एक गोणी पुरून उरते.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. मे महिन्यात सिमेंट ओतलं तर दुपारच्या उन्हात पाणी उडून जातं, माल पकडत नाही आणि केसासारख्या भेगा पडतात.

पाया

आता खोदकाम. तीन मीटर वीस सेंटिमीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद जागा आखून घ्या, लाईनदोरी बांधा. वीस सेंटिमीटर खोल खोदा आणि निघालेली काळी माती पूर्ण उचलून झाडांना टाका. तीच परत भरायचा आळस करू नका, सगळा उपद्व्याप तिच्यासाठीच चालला आहे. खड्ड्यात मुरूम भरायचा, एकदम नाही, दोन थरांत. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं, थोडं मुरू द्यायचं आणि धुम्मसाने ठोकायचं. धुम्मस नसेल तर लाकडी ओंडक्याला दांडा ठोकून काम भागतं. तीस-पस्तीस घमेली मुरूम लागतो. ठोकताना आवाज बोदा येतो तोवर ठोकत राहा. आवाज कणखर झाला की थर बसला.

फुगणारी माती मुरमाखाली उरतेच, पण तिच्यावर आता वीस सेंटिमीटरचा न फुगणारा थर आहे, आणि त्यावर येणारा स्लॅब एकसंध असल्याने तो हलला तरी सगळा मिळून हलेल.

स्लॅबला ७५ मिमी जाडी. तीन मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद. कडेने फळ्या उभ्या करून साचा बांधा. माल १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), बारीक खडीचा. मधोमध वेल्ड मेशची जाळी टाका, पण ती तळाला चिकटू देऊ नका, खाली दगडाचे छोटे तुकडे ठेवून उचलून धरा. स्लॅबचा माथा आजूबाजूच्या जमिनीच्या वर राहिला पाहिजे. मी तो पूर्ण ७५ मिमी वर ठेवला आणि नंतर कडेने खडी लावून लपवला. पावसाळ्यात आमच्या अंगणात दोन बोटं पाणी साचतं, ते स्लॅबवर चढत नाही.

ओतण्याआधी एक गोष्ट विसरू नका, मी विसरलो होतो. वायरींसाठी २० मिमीचा पाईप आडवा टाकून ठेवा, एक टोक फलाटाखाली निघेल आणि दुसरं बाहेर. दिव्यांची वायर नंतर फलाट फोडून नेण्यापेक्षा हे सोपं.

स्लॅब तीन मीटरपेक्षा मोठा करायचा असेल तर दर दीड-दोन मीटरवर आरपार सांधा ठेवा आणि फलाटाच्या तुकड्यांचा सांधाही नेमका त्याच रेषेवर आणा. खालचा सांधा एका जागी आणि वरचा दुसऱ्या जागी असला की भेग वाट शोधत तिरकी जाते.

दुसऱ्या दिवसापासून आठ-दहा दिवस पाणी मारायचं. ओलं गोणपाट अंथरून ठेवलं तर सकाळ-संध्याकाळ पुरतं.

कडेचे तुकडे

हे काम घरात बसून होतं आणि मला सगळ्यात जास्त आवडतं. अर्ध्या मीटरचे तुकडे करायचे, म्हणजे दोन मीटरला चार. तुकड्याची उंची कशी काढायची? स्लॅबपासून रुळाच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. माझ्याकडे रूळ आणि स्लीपर मिळून २० मिमी होते. त्यात फलाटाचे १४ मिळवले, ३४ मिमी. तुकड्याची जाडी २० मिमी. एवढ्या पातळ तुकड्यात एक सरळ तार घाला, उचलताना मोडत नाही.

साच्याच्या तळाला गुळगुळीत टाइल किंवा काचेचा तुकडा ठेवा, कडेला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आतून तेलाचा बोळा फिरवा. माल सिमेंट एक आणि चाळलेली वाळू दोन, पाणी जेमतेम. पीठ मळल्यासारखा घट्ट असू द्या. भरल्यावर टेबलाला खालून मुठीने पाच-सात मिनिटं थापट्या मारत राहायचं, हवेचे बुडबुडे वर येतात. तुकड्याचा जो चेहरा रुळाकडे असणार तो काचेच्या बाजूला ठेवला की सुबक निघतो.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवा. तुकडा अजून कच्चा असतो, तेवढ्यातच त्यावर दगडांच्या सांध्यांच्या रेघा ओढायच्या. स्टेशनच्या कडेचा दगड साधारण दोन फुटांचा धरला तर १:२२.५ मध्ये तो २७ मिमी होतो. जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने, पट्टी धरून, दर २७ मिमीवर एक उभी रेघ. हाताने जरा वाकडी गेली तर जाऊ द्या, काळ्या दगडाच्या घडाईत सगळे दगड एकसारखे नसतात. मग तुकडे बादलीत नाहीतर हौदात पूर्ण बुडवून सात दिवस ठेवायचे. पाण्याखाली पिकलेला तुकडा आणि वर पाणी मारलेला तुकडा यांच्या मजबुतीत हाताला कळेल एवढा फरक असतो.

फरमा आणि बसवणी

फरमा म्हणजे या सगळ्या कामाचा जीव. १२ मिमीच्या प्लायचा एक तुकडा घ्या. खालून दोन खाचा पाडा, त्या दोन्ही रुळांवर घट्ट बसल्या पाहिजेत. दोन खाचांच्या बरोबर मधल्या बिंदूपासून फलाटाच्या बाजूला नेमके ६७ मिमी मोजून तिथे कापा, आणि त्या टोकाला रुळाच्या माथ्यापासून १४ मिमी वर एक आडवी खूण करा. आता हा फरमा रुळांवर ठेवून सरकवत नेला की कड कुठे आणि किती उंच हवी ते तो दाखवतो. टेपने पुन्हा पुन्हा मोजायची गरज उरत नाही आणि चूकही होत नाही. त्यावर मापं लिहून ठेवा, तो जपून ठेवा.

आधी रूळ स्लॅबवर मांडा. रुळांच्या जोडांमध्ये उन्हाळ्यासाठी जागा सोडायची असते. थंडीच्या सकाळी रूळ टाकत असाल तर तीन मीटरला एकूण ३ मिमी, जोडांमध्ये वाटून. रूळ एका ठिकाणीच स्क्रूने पक्के करा, बाकी ठिकाणी ते लांबीला सरकू शकतील पण आडवे हलणार नाहीत असे धरा.

मग स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या १:३ मालाचा पातळ थर टाकून कडेचा पहिला तुकडा बसवा. फरमा लावा, तुकडा बोटाने ढकलत फरम्याला टेकवा. दोन तुकड्यांमध्ये १ मिमी सोडा, एक्स-रे फिल्मचे पाच-सहा थर घालून तेवढी जागा राहते. चारही तुकडे झाले की माल वाळायच्या आत गाडी हाताने दोन्ही दिशांना ढकलून बघा. घासली तर अजून हलवता येतं. उद्या येणार नाही. आणि गाडी खरोखर हातानेच ढकला. ओल्या मालाशेजारी इंजिन चालवून मी एकदा चाकांत सिमेंट अडकवलंय.

मागची भिंत साधी. तिथे उरलेल्या फरशीच्या पट्ट्या उभ्या लावल्या तरी चालतं, तिच्याकडे कुणी बघत नाही. मात्र तिच्या तळाला दर तीस सेंटिमीटरवर एक भोक ठेवा, पेन्सिल जाईल एवढं. फलाटाच्या पोटात शिरलेलं पाणी तिथून निघेल.

आतली पोकळी मुरमाने किंवा क्रशरच्या कचने भरा. माती नको, आणि पोकळ तर अजिबात ठेवू नका. पोकळ फलाटाखाली उन्हाळ्यात विंचू गारव्याला येतात आणि घूस बीळ करते. मी पहिला फलाट तोडताना हे स्वतः पाहिलं आहे. म्हणूनच जुन्या बांधकामात हात घालण्याआधी काठीने ठोकायची माझी सवय आहे, तुम्हीही लावून घ्या.

वरचा थर हाच स्टेशनचा चेहरा. बारीक चाळणीतून चाळलेला तांबूस मुरूम सहा भाग आणि सिमेंट एक भाग, कोरडंच मिसळा, दहा मिमी जाड पसरा, लाकडी रंध्याने दाबा आणि झाडांना मारायच्या फवाऱ्याने अगदी हलकं पाणी उडवा. धार लागली तर खड्डे पडतात. पृष्ठभाग रुळापासून मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, दीडशे मिमी रुंदीत अडीच-तीन मिमी पुरे. पाऊस पडला की पाणी मागे जातं, रुळावर येत नाही. वाळल्यावर जो रंग येतो तो थेट पहूरच्या वाटेवरचा. टोकांचे उतारही याच मिश्रणाने करा, फक्त निमुळत्या टोकाला सिमेंट थोडं वाढवा, तिथेच पहिल्यांदा टवका उडतो.

स्टेशन वाटायला हवं तर

आठवडाभर थांबून मग सजावट. १:२२.५ मध्ये पाच फूट पाच इंचांचा माणूस ७३ मिमी होतो, बाक २० मिमी उंच. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकी वस्तूंची मापं आपोआप जमतात. बाजारातली खेळणी आणताना ७३ मिमीची काडी खिशात ठेवा. दुकानात ताडून बघता येतं.

नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. संगणकावर छापून लॅमिनेशन केलेली माझी पाटी आमच्या उन्हाने दोन महिन्यांत पांढरी पडली. मग गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून अक्षरं कापून घेतली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पिवळा ऑइलपेंट दिला आणि त्यावर चिकटवली. तीन उन्हाळे झाले, रंग तसाच आहे. गावाचं नाव खरं द्या की काल्पनिक, तुमची मर्जी. मी माझ्या आजोळच्या गावाचं दिलं, तिथे रेल्वे कधी गेलीच नाही.

एक लिंबाचं झाड आणि त्याला पार, एवढं केलं तरी आपल्याकडचं स्टेशन उभं राहतं. झाड खरंच लावायचं असेल तर कुंडीत वाढवलेलं बुटकं घ्या आणि कुंडी स्लॅबच्या बाहेर पुरा. पिंपळ-वडाचं रोप जवळपास दिसलं की लगेच उपटा, त्याची मुळं मुरमात शिरतात. पाण्याची टाकी, रांजण, सायकलला टेकलेला माणूस, केळीच्या घडांची रास हे हळूहळू येऊ द्या. दिव्यांना १२ व्होल्टच द्या आणि अडॅप्टर घरात ठेवा. अंगणात, तेही पाणी मारायच्या जागी, २३० व्होल्टची वायर नेऊ नका.

वर्षभराची देखरेख

फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाची पानगळ असते, तेव्हा रुळ आणि फलाट यांच्या फटीतून रोज मऊ कुंचा फिरवावा लागतो. मेच्या अखेरीस मागच्या भिंतीची भोकं तारेने मोकळी करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्लॅबच्या कडेची खडी वाहून गेली का बघा, गेली असेल तर परत लावा, नाहीतर पुढच्या पावसात खालचा मुरूम निघायला लागतो. श्रावणात सावलीच्या बाजूला शेवाळं धरतं. ते तारेच्या ब्रशने खरवडू नका, वरचा मुरमाचा थर निघतो. चुन्याची निवळी लावून दोन दिवस ठेवली की ते वाळून हाताने सुटतं.

आणि वर्षातून दोनदा, एकदा मेमध्ये जमीन फाटलेली असताना आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी ती फुगलेली असताना, फरमा काढून रुळांवर ठेवायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचा. माझ्याकडे गेल्या ऑगस्टला पश्चिमेच्या टोकाला स्लॅब ४ मिमी वर आला होता. रूळही तेवढेच वर आले होते, फलाटही. फरमा मधे कुठेही अडकला नाही.